चुकलेला फर्मा

ग्रंथालयात अशी बोलवा होती, की गाजलेल्या जुन्या कादंबरीला रटाळ म्हटलं म्हणून बाइंडरमामांनी एका मास्तरांच्या डोक्यात खळीचा डबा घातला. साफ खोटं. डबा मामांच्याच कोपराने लवंडला आणि खळ मास्तरांच्या चपलेवर सांडली, एवढंच. मामांनी मारलं ते तोंडाने. "धीर नाही तुम्हाला, मास्तर. गाइडं वाचा, गाइडं!"

हे वाक्य त्यांची भाची त्यांच्याच घोगऱ्या आवाजात, नाक ओढत म्हणून दाखवायची आणि अख्खा वर्ग हसून लोळायचा.

ती कादंबरी मामांनी तरुणपणी इतक्यांदा वाचली होती, की पाठच झाली होती. चौदा वर्षांपूर्वी ग्रंथालयाची प्रत खिळखिळी झाली तेव्हा त्यांनीच ती उसवून पुन्हा शिवली, नवा पुठ्ठा चढवला. तेव्हापासून जो तो नावं ठेवत ती परत करायचा आणि मामांची बोलणी खाऊन जायचा. भाचीची आईसुद्धा एकदा म्हणाली, "मधे काही अर्थच लागत नाही रे." मामांनी चारचौघांत सुनावलं, "ताई, तू आपली किराण्याची यादी वाच." त्यानंतर ताईने पुस्तक हातात धरलं नाही.

यंदा सुट्टीत नकलांना नवा माल हवा म्हणून भाची बाइंडिंगच्या खोलीत बसून ती कादंबरी मोठ्याने वाचू लागली. सासू खणखणीत, कारकून नाकातून. मध्यावर ती थबकली.

"मामा, ही म्हातारी मघाशी मेली ना? मग आता सुनेवर ओरडतेय कशी?"

"नीट वाच."

"नीटच वाचतेय. आवाज तिचाच आहे!"

मामांनी पुस्तक ओढून घेतलं. सोळा-सोळा पानांच्या जुड्या, त्यांच्या भाषेत फर्मे. त्यातला मागचा एक पुढे शिवला गेला होता. कडा छाटताना तळाचे पानांचे आकडेही त्यांनीच उडवले होते. आणि पाठ असलेलं पुस्तक शिवल्यावर पुन्हा कोण वाचतंय?

"चौदा वर्षं," मामा म्हणाले. नाक ओढलं नाही.

पुस्तक उसवून नीट शिवेपर्यंत संध्याकाळ झाली. "एकेकाला जाऊन सांगतो," ते म्हणाले.

"मास्तरांना सांगाल. आईला मात्र नाही सांगणार तुम्ही. लावा पैज!"

"हरलीस तर?"

"तुमची नक्कल बंद. कायमची."

मास्तर फिदीफिदी हसले. मामांनी ऐकून घेतलं. रविवारी ते पुस्तक घेऊन ताईच्या दारात उभे राहिले. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"ताई, मीच चुकीचं शिवलं होतं. तुझं बरोबर होतं."

ताईने उशीचा अभ्रा झटकला. "आणि मला वाटत राहिलं, माझ्याच डोक्यात काही शिरत नाही." पुस्तक तिने न उघडताच परत दिलं. "आता नको रे. सवयच गेली."

पुस्तक काखेत धरून मामा जिना उतरले.

शाळा उघडली तशी पोरं भाचीच्या मागे लागली, "मामा कर ना, मामा!"

"येत नाही आता," ती म्हणाली.