शाईने गिरवलेला शब्द

जुन्या नाण्या-नोटांचा व्यापारी एल्विन स्टट्झ याने आर्डिथ कूलमनकडे पहिल्यांदा नीट पाहिलं ते नाण्यांच्या प्रदर्शनात. आयोवातल्या कोल्टर फोर्क गावात, गुरांच्या बाजाराशेजारी तिची खानावळ. तिच्या हातचं मांस आणि कुस्करलेले बटाटे त्याने कितीदा खाल्ले होते, पण ताटावरून मान वर केली नव्हती. त्या दिवशी ती तरातरा त्याच्या टेबलापाशी आली आणि एक जुनी, रुंद नोट पुढे ठेवून म्हणाली, "घराचं छप्पर गळतंय. याचे किती येतील?"

दहा डॉलरची नोट, गावच्याच बुडालेल्या बँकेची; तेव्हा गावोगावच्या बँका सरकारच्या हमीवर आपापल्या नावाच्या नोटा काढत. एल्विनने भिंग लावलं. घड्या पाहिल्या, उजेडात धरून टाचणीची भोकं शोधली.

"बाई, या बँकेच्या तीनच नोटा माझ्या पाहण्यात आल्यात. ही चौथी!"

मग त्याचं लक्ष बँकेचे अध्यक्ष हॅवरकँप यांच्या सहीकडे गेलं. तिच्यावर कुणीतरी पेन्सिलीने आडवं लिहिलं होतं: चोर.

"वडिलांनी लिहिलंय," आर्डिथ म्हणाली. "एकतीस साली बँक बुडाली. ठेव गेली, मागोमाग शेत गेलं. ही नोट तेवढी चालत होती, हमी सरकारची ना! पण त्यांनी मोडली नाही. आईने तो हिवाळा शलगम उकडून काढला."

"सातशे येतील. पेन्सिल नसती तर दोन हजार."

"मी तीन हजार देतो." मागून आवाज आला. ट्रॅक्टरवाला ड्वाइट हॅवरकँप, त्याच अध्यक्षांचा नातू. "छपराचं काम होऊन जाईल, आर्डिथबाई."

"आणि नोटेचं काय करशील?"

"रबर फिरवीन. आजोबा केव्हाच मातीत गेले. किती उगाळायचं तेच तेच?"

"मातीत जायला त्यांना जमीन तरी होती. आमची तर त्यांनीच खाल्ली."

"मग बसा बादल्या मांडून!" ड्वाइट हसला. "रागाने पत्रे बसत नाहीत म्हटलं."

तीन हजार म्हणजे थोडे नव्हेत. आता बाई हो म्हणणार, असं एल्विनला वाटलं. तिने नोट डोळ्यांजवळ नेली. पेन्सिल पुसट झाली होती. तिने टेबलावरचं एल्विनचं शाईचं पेन उचललं.

"अहो बाई, थांबा!"

तोवर तिने सुरुवात केली होती. शाळेतली मुलगी पाटीवर गिरवते तसं, जिभेचं टोक बाहेर काढून, तिने वडिलांचं एकेक अक्षर गिरवलं. फुंकर मारली.

"आता किती?"

एल्विनने भिंग खाली ठेवलं. "कुणी घेतलीच तर... पन्नास."

"झकास. आता पाऊस कितीही कोसळू दे, मला मोह व्हायचा नाही." ती ड्वाइटकडे वळली. "काय रे, अजून हवीय?"

ड्वाइट निघून गेला. तिने टेबलावर पाच डॉलर ठेवले.

"हे कशाला?"

"तुझी शाई वापरली. उधारी नको कुणाची."

नोट आता चौकटीत, खानावळीत कॉफीच्या यंत्रावर टांगलेली आहे. बाजाराच्या दिवशी ड्वाइटही तिथेच जेवतो, फक्त नोटेकडे पाठ करून बसतो. आर्डिथच्या घराचं छप्पर अजून गळतं. पाऊस आला की ती शेगडीजवळ बादली ठेवते.