डाव्या कडेच्या गाठी

माझ्या सासूच्या गोधडीत वाकडी ओळ दिसली तेव्हा मी आधी स्वतःचेच डोळे चोळले. मग खिडकीचा पडदा सरकवला आणि पुन्हा पाहिलं. ओळ काठापासून नीट निघाली होती, वीतभर सरळ गेली होती आणि मग शेजारच्या ओळीवर जाऊन चढली होती. तिच्या खालच्या दोन ओळी एकमेकींना चिकटल्या होत्या. तिसरी तर मध्येच भरकटली होती. मंजुळाबाईंच्या हातून वाकडा टाका पडला, हे मला कुणी शपथेवर सांगितलं असतं तरी मी त्याला वेड्यात काढलं असतं.

आमच्याकडं सासूला आत्या म्हणतात. आत्या मूळच्या फुलंब्रीकडच्या, मेंढरं राखणाऱ्या घरातल्या. लग्नानंतर शहरात आल्या आणि छावणीच्या मागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहिल्या, त्या आजतागायत तिथंच आहेत. सासरे जाऊन सहा वर्षं झाली. माझा नवरा कृष्णा शेंद्र्याला कंपनीत आहे, तो सकाळी जातो आणि संध्याकाळी येतो. दिवसभर घरात आम्ही दोघी आणि जमिनीवर पसरलेली कुणाची तरी गोधडी.

लोक जुनी लुगडी, धोतरं, ओढण्या गाठोड्यात बांधून आणून देतात. आत्या ती धुतात, उन्हात कडक वाळवतात, फाटकं कापून टाकतात आणि चांगल्या तुकड्यांचे थर एकावर एक अंथरतात. मोठाले कच्चे टाके घालून थर धरून ठेवतात आणि मग खरं काम सुरू होतं. या काठापासून त्या काठापर्यंत ओळ, मग एक बोट सोडून पुढची ओळ. टाका ज्वारीच्या दाण्याएवढा. दीड दाण्याएवढा झाला की उसवायचा. दर ओळीला नवा दोरा आणि त्याची सुरुवातीची गाठ थराच्या आत लपवलेली, जी कुणालाही दिसत नाही. हे सगळं मी शिकले ते शिव्या खात. माझी पहिली ओळ त्यांनी अकरा वेळा उसवली. बाराव्या वेळी मी रडले, तर म्हणाल्या, पाणी कापडावर पाडू नको, डाग पडंल.

त्यात मी डावखुरी. त्या उजवीकडून सुरू करतात, मी डावीकडून. पहिले दोन महिने त्यांनी माझ्या उजव्या हातात सुई कोंबून पाहिली. मी चार वेळा बोट टोचून घेतलं आणि पाचव्या वेळी मुद्दाम टोचून घेतलं. तेव्हा कुठं त्यांनी नाद सोडला.

बाहेरही तेच. कुणाच्या घरी बसायला गेल्या की बोलता बोलता हात अंथरुणावर फिरायचा. टाका ढिला लागला की नखानं ओढायचा. एकदा एका साखरपुड्यात त्यांनी यजमानीणबाईंच्या गोधडीचा अख्खा काठ उसवून ठेवला आणि वर सुई मागितली. त्या बाईंनी सुई दिली, पण पुढच्या कार्याला आमंत्रण दिलं नाही. आत्यांना त्याचं काहीच वाटलं नाही. काठ नीट झाला ना, एवढंच त्यांचं म्हणणं.

मी भांडखोर आहे, खोटं कशाला सांगू. आमची रोज वाजायची. पण त्या बाईचा हात पाहिला की माझं तोंड आपोआप बंद व्हायचं. म्हणून ती वाकडी ओळ पाहून मी घाबरले.

काचबिंदू आहे हे आम्हाला माहीत होतं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की जेवढी नजर गेली ती गेली, उरलेली सांभाळा. थेंब चालू होते. आत्या म्हणायच्या, मला डोळं कशाला पायजेत, माझा हात बघतो. त्यांना खरंच तसं वाटत होतं. त्या दिवशीही त्या ओळ संपवून समाधानानं उठल्या, स्वतःचं काम म्हणून बोटानं न चाचपता गोधडीवरून एकदा नुसता तळवा फिरवला आणि म्हणाल्या, बरी बसली. मी मान हलवली.

तिथंच माझी चूक झाली. सरळ सांगायला पाहिजे होतं. पण मी काय केलं, तर दुपारी त्या दोन तास झोपल्या तेव्हा चारही ओळी उसवल्या आणि नव्यानं घातल्या. ज्वारीच्या दाण्याएवढ्या, एक बोट सोडून. दोरा त्यांचाच, सुई त्यांचीच. त्यांनी उठून हात फिरवला, कुठंच नख लावलं नाही. मला हायसं वाटलं. आणि खरं सांगते, थोडा माजही आला. अकरा वेळा उसवणाऱ्या बाईला माझी ओळ तिची स्वतःची वाटली.

मग ते रोजचंच झालं. सकाळी त्या घालायच्या, दुपारी मी उसवायची. आठ महिन्यांत पाच गोधड्या गेल्या. गिऱ्हाइकं यायची, मंजुळाबाईंच्या हाताला तोड नाही म्हणायची, आणि आत्या पदर सारखा करत हसायच्या. कृष्णाला मी सांगितलं तेव्हा तो म्हणाला, राहू दे, तिला कळलं तर ती मरंल. मीही तेच मनाशी म्हणत होते. त्यांच्याकडं तेवढंच तर होतं.

फुटलं ते सहाव्या गोधडीला. दुपारची वेळ होती, मी भांडी घासत होते. आत्यांनी हाक मारली. बाहेर आले तर त्या गोधडीच्या डाव्या कडेला बसल्या होत्या आणि बोटांच्या चिमटीत काठ धरून इंचाइंचानं चाचपत होत्या. त्यांनी माझा हात ओढला आणि माझं बोट काठावर टेकवलं. थराच्या आत बारीकशी गाठ लागली. त्यांनी बोट खाली सरकवलं, दुसरी गाठ. मग तिसरी.

आठ महिने मी टाका जुळवला, अंतर जुळवलं, दोऱ्याचा पीळसुद्धा जुळवला. पण ओळ मी माझ्या सवयीनं डावीकडूनच सुरू करत होते आणि दर ओळीची गाठ डाव्या कडेला मारून आत लपवत होते. त्यांच्या गाठी उजवीकडं असतात. ही गोष्ट माझ्या डोक्यात एकदाही आली नाही. गाठ लपवायला त्यांनीच शिकवलं होतं आणि मी ती इतकी छान लपवली की मलाही दिसली नाही.

"किती?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, या गोधडीत सगळ्याच.

"तसं नाय. गोधड्या किती?"

"पाच गेल्या," मी म्हणाले. "ही सहावी."

मला वाटलं त्या आता ओरडतील, भांडं फेकतील, कृष्णाला फोन लावतील. पण त्या गोधडीकडं बघत राहिल्या, म्हणजे जिथं गोधडी होती तिकडं. चेहरा असा झाला होता की जणू ओळखीचं माणूस समोर उभं आहे आणि नाव आठवत नाही. मग विचारलं, माझी ओळ लई वाकडी जाती का? मी हो म्हणाले. किती, विचारलं. मी त्यांचं बोट धरलं आणि कापडावर त्यांची ओळ कशी जाते ते गिरवून दाखवलं. त्यांनी हात झटकन मागं घेतला, चटका बसल्यासारखा.

तीन दिवस काम बंद राहिलं. सुया डबीत गेल्या, डबी कपाटात गेली. सहावी गोधडी अर्धवट गुंडाळून कोपऱ्यात उभी राहिली. आत्या खाटेवर बसून असायच्या, हात मांडीवर पालथे. ते हात मी रिकामे कधी पाहिले नव्हते. मला स्वतःचा इतका राग आला की मी त्या तीन दिवसांत दोनदा भात करपवला. कृष्णा म्हणाला, आईनं आता सुई धरायची नाही असं ठरवलेलं दिसतंय. सुईशिवाय ही बाई महिनाभरही तग धरणार नाही हे आम्हा दोघांनाही दिसत होतं.

चौथ्या दिवशी सकाळी त्या पातळ बदलून दारात उभ्या. म्हणाल्या, पाची गोधड्या परत आणायच्या. माझं नाव सांगून दुसऱ्याचा हात विकला, ही चोरी हाय. मी हात जोडले, भांडले, कृष्णाची आण घातली. उपयोग झाला नाही. पहिली फुलंब्रीच्या लक्ष्मीबाईंची. मी त्यांना दंड धरून बसमध्ये चढवलं.

लक्ष्मीबाईंचं घर बागायतदाराचं, मोठं अंगण, दारात ट्रॅक्टर. त्या आत्यांच्या जुन्या गिऱ्हाईक. आम्हाला पाहून त्यांनी आधी पाणी दिलं, मग चहा टाकायला निघाल्या. आत्यांनी त्यांना थांबवलं आणि उभ्याउभ्याच सांगून टाकलं, की दिवाळीत नेलेली गोधडी माझ्या हातची नाही, सुनंच्या हातची आहे, ती परत द्या. माझी मान वर होईना.

लक्ष्मीबाई गोंधळून माझ्याकडं बघायला लागल्या. मग म्हणाल्या, ती तर अजून पिशवीतनं काढलेलीच नाही, माझ्या धाकट्या रत्नमालाच्या लग्नासाठी ठेवलीय कपाटात. ज्या ओळींसाठी मी दुपारच्या दुपारी डोळे फोडले, त्या कुणी उलगडूनसुद्धा पाहिल्या नव्हत्या.

आत्या बाजेवर टेकल्या. बाजेवर एक जुनी गोधडी अंथरलेली होती, रंग उडालेली, मऊ पडलेली. सवयीनं त्यांचा हात फिरायला लागला. मला कळलं आता काय होणार. बोटं थांबली, पुढं गेली, पुन्हा थांबली. तोंड वाकडं झालं. त्यांनी विचारलं, ही कुणी शिवली, हे टाके हायेत का खिळे?

"तुमचीच की, मंजुळाबाई," लक्ष्मीबाई म्हणाल्या. "रत्नमालाच्या टायमाला मी बाळंत झाले, तवा तुम्ही करून दिली. एकोणीस वर्सं झाली."

आत्यांचा हात जागच्या जागी राहिला. एकोणीस वर्षांपूर्वी म्हणजे नजर शाबूत होती, हात ऐन भरात होता. मी वाकून पाहिलं. एकही ओळ सरळ नव्हती. निळ्या दोऱ्याचे बोटभर लांब टाके, लाल दोऱ्याची नागमोडी शिवण, एका कोपऱ्यात पोत्याच्या सुतळीनं घातलेली चार आडव्या टिपा.

"नाय," आत्या म्हणाल्या. "माझा टाका असा नसतो."

"तुमचे टाके कवाच गेले," लक्ष्मीबाई म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात. "धुऊन धुऊन दोरा तुटला, बाई. हे निळे माझे. लाल माझ्या सासूचे, त्यांना तर अजिबातच दिसत नव्हतं. सुतळीचं रत्नमालानं केलं, पाचवीत होती. अजून पोरं हिच्यावरनंच भांडतात."

मी आत्यांकडं बघायचं धाडस केलं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता. चाळीस वर्षं बाईनं दीड दाण्याचा टाका म्हणून लोकांच्या ओळी उसवल्या, माझ्या उसवल्या, पाहुणी जाऊन परक्यांचे काठ उसवले. आणि तिच्या स्वतःच्या ऐन उमेदीच्या गोधडीत तिचा म्हणून एक दोरा उरला नव्हता. मला रडू आलं. मोठ्यानं आलं, लपवता आलं नाही.

आत्या रडल्या नाहीत. त्यांनी दोन्ही हातांनी ती गोधडी मांडीवर ओढली आणि अख्खी चाचपली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. निळे टाके, लाल टाके, सुतळी. मध्ये एका जागी थर सुटून तीन बोटं मावतील एवढं भोक पडलं होतं. तिथं त्यांचं बोट आत गेलं आणि आतला जुना तुकडा त्यांनी चिमटीत धरून पाहिला.

मग त्यांनी लक्ष्मीबाईंकडं सुई-दोरा मागितला. लक्ष्मीबाईंनी हाताला लागला तो पिवळा दोरा आणला. मी ओवून दिला. आत्यांनी भोकाची कड दुमडली आणि शिवायला लागल्या. मी शेजारी बसून पाहत होते, आणि माझा हात दोनदा पुढं गेला तो मीच मागं घेतला. पहिला टाका लांब पडला. दुसरा निळ्यावर चढला. तिसरा भलतीकडंच गेला. सात-आठ टाक्यांत भोक मिटलं.

त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. एकदा, मग उलटं एकदा. त्यांना कळलं होतं. चाळीस वर्षांत जे बोट कधी चुकलं नाही, ते आत्ताही चुकलं नव्हतं. मी वाट पाहत होते की आता नख लागेल, दोरा ओढला जाईल.

"लई वाकडा गेलाय," त्या म्हणाल्या.

लक्ष्मीबाई म्हणाल्या, "मग?"

आत्यांनी गाठ मारली, दोरा दातानं तोडला आणि म्हणाल्या, चहा टाका आता.