पाचवं पान

बाईंनी आपल्या धाकट्या दिराकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, ते लग्न होऊन त्या घरी आल्यावर तिसऱ्या महिन्यात. माहेरून आणलेलं शिवणयंत्र रुसून बसलं होतं. भाऊजी तेव्हा नुकतेच यंत्रदुरुस्तीच्या दुकानात कामाला लागले होते. त्यांनी यंत्राला हातही लावला नाही. खणातल्या मोडक्या सुया तळहातावर घेतल्या, उजेडात निरखल्या आणि म्हणाले, "वहिनी, यंत्र ठणठणीत आहे. तुम्ही कापड मागून ओढता. घाई असते तुम्हाला."

बाईंना ते चांगलंच झोंबलं. शाळेत दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढून आलेल्या माणसाचीच चूक काढायची म्हणजे काय! त्या तोऱ्यात यंत्रावर बसल्या आणि भाऊजींना खोटं पाडायला कापड मुळीच न ओढता अख्खा अभ्रा शिवला. सुई मोडली नाही.

पुढे भाऊजींनी तासाभराच्या अंतरावर स्वतःचं दुकान टाकलं. खोली इतकी अरुंद, की गिऱ्हाईक आत आलं की भाऊजींनी मागे सरकायचं. गिऱ्हाईक काय सांगतं ते ते मान डोलावून ऐकत, पण विश्वास ठेवत तो मोडक्या सुयांवर आणि कापड सरकवणाऱ्या झिजलेल्या दात्यांवर. "बिघाड यंत्रात कमी, हातात जास्त," असं त्यांचं म्हणणं.

बाई निवृत्त झाल्या, यजमान गेले, आणि घर एकदम मोठं वाटायला लागलं. तेव्हा परदेशातल्या लेकीने त्यांच्या टॅबवर पोकर हा पत्त्यांचा खेळ घालून दिला.

"अगं, जुगार ना तो?"

"आई, पैशांच्या जागी चकत्या असतात, त्याही खोट्या. हरलीस तर फक्त नाक कापलं जाईल."

रोज दुपारी चार वाजता तिघांचं टेबल मांडलं जाई: बाई, भाऊजी आणि लेक. फोन स्पीकरवर. प्रत्येकाला दोन झाकली पानं, आणि टेबलावर सगळ्यांसाठी एका ओळीत पाच उघडी. आधी तीन, मग चौथं, मग पाचवं. दर वेळी पैज लावायची, वाढवायची, नाहीतर पानं टाकून द्यायची.

भाऊजींनी दुकानातल्या वहीचं मागचं पान उघडलं आणि दोघींच्या सवयी टिपायला लागले. लेक थाप मारायची असली की झटकन पैज लावते; खरी पानं असली की उगाच रेंगाळते. वहिनी चांगली पानं आली की बोलायच्या थांबतात.

"वहिनी गप्प झाल्या. मी पानं टाकली."

बाईंनी यावर तोड काढली. चांगली पानं आली की त्या मोठ्याने तेराचा पाढा म्हणायला लागल्या. दोन दिवस जमलं. तिसऱ्या दिवशी तेर चोक बावन्नपर्यंत पोचल्या नाहीत तोच भाऊजी म्हणाले, "पाढा आला गं, पळ!"

मागून जाऊबाईंचा आवाज आला. "अहो, घरात मी गप्प झाले तर चार-चार दिवस पत्ता लागत नाही तुम्हाला!"

लेक तिकडे हसून हसून लोटपोट. बाईंचा दिवस त्या एका तासाभोवती फिरायचा.

त्याच वर्षी बाईंचा उजवा खांदा दाराच्या चौकटीला आपटायला लागला. नव्या रंगाने चौकट फुगली असणार, असं त्यांनी ठरवलं. वर्तमानपत्रात ओळींच्या शेवटचे शब्द गळायला लागले, तेव्हा त्यांनी संपादकांना खरमरीत पत्र लिहिलं, की आपल्याकडे हल्ली वाक्यं पुरी करायची पद्धत राहिलेली नाही.

एका दुपारी भाऊजींनी पैज वाढवली आणि बाईंनी पानं टाकून दिली. डाव संपल्यावर हळहळत म्हणाल्या, "हातात दोन राजे होते हो माझ्या. पण टेबलावर एक येईल तर शपथ!"

फोनवर वहीचं पान उलटल्याचा आवाज आला. मग भाऊजी म्हणाले, "आज इथेच थांबू या." टेबल बंद झालं.

बाईंना वाईट वाटलं. कंटाळले असतील आपल्याला, असं त्यांच्या मनात आलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊजी दारात उभे. अंगात दुकानाचा तेलकट सदरा, हातात पत्त्यांचा जोड. चहासुद्धा नको म्हणाले. जेवणाच्या टेबलावर त्यांनी एका ओळीत पानं मांडली.

"वहिनी, मधल्या पानाकडे बघा. नजर हलवू नका. किती पानं आहेत?"

"परीक्षा घेता का माझी? चार."

"हात उजवीकडे न्या."

बाईंनी हात सरकवला. बोटांना पत्त्याची कड लागली. त्यांनी मान वळवली. बदामाचा राजा.

"कालही इथेच होता," भाऊजी म्हणाले. "महिनाभर वही बघतोय. चार पानांपर्यंत तुम्ही मला भारी असता. पाचवं आलं, की ते आलंच नाही असं खेळता. आधी वाटलं, नवी युक्ती असेल. पण काल तुम्ही राजा नाही म्हणालात, आणि आज पहिली गाडी पकडली."

बाई चिडल्या. पस्तीस वर्षं वह्या तपासल्या आहेत म्हणाल्या, चष्म्याचा नंबर वाढला असेल म्हणाल्या. भाऊजींनी बाईंच्या चपला दारातून उचलून पायांपाशी आणून ठेवल्या. मग बाई उठल्या.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. उजवा डोळा बराचसा गेला होता. डावा त्याचं ओझं वाहत होता, आणि त्याचीही नाकाकडची बाजू उतरायला लागली होती. "गेलेलं परत येणार नाही," डॉक्टर म्हणाले, "पण राहिलेलं राखता येईल. आणखी उशीर झाला असता तर राखायला काही उरलं नसतं. कोणाच्या लक्षात आलं हे?"

"माझ्या दिरांच्या," बाई म्हणाल्या. "शिवणयंत्रं दुरुस्त करतात."

परतताना रिक्षात बाईंना बोलायचं खूप होतं. म्हणाल्या एवढंच, "त्या अभ्र्याच्या वेळी मी तुम्हाला मनातल्या मनात शिव्या घातल्या होत्या."

"माहीत आहे. गप्प झाला होतात."

डाव्या डोळ्याची नजर थेंबांनी आहे तिथे थांबली आहे. बाई आता मान उजवीकडे वळवून पाचवं पान बघतात, आणि मगच पाढा म्हणतात. संपादकांना त्यांनी माफीचं पत्रही पाठवलं, वाक्यं पुरी करून.

भाऊजी आता त्र्याहत्तर वर्षांचे आहेत. आठवड्याला दोन-तीन यंत्रं दुरुस्त करतात आणि चारला दहा कमी असताना दुकान बंद करतात.