चाकं जमिनीवर असताना

गाडी दोन दारांची, दोन माणसांची आणि पंचवीस वर्षांची होती. वर्तमानपत्रात बातम्या तपासायच्या नोकरीतून निवृत्त झालो त्या वर्षी मी ती नांदेडच्या एका डॉक्टरांकडून घेतली. हिंगोलीत अशा गाडीचा उपयोग काय, हा प्रश्न घरात विचारला गेला. ती जमिनीपासून वीतभरच उंच होती. प्रत्येक गतिरोधकावर तिरकी घ्यावी लागायची आणि मागचे हॉर्न वाजवायचे.

दोन उन्हाळ्यांपूर्वी तिच्या पुढच्या चाकांतून आवाज यायला लागला. ब्रेक दाबला की खट्, सोडला की खट्. स्टेअरिंग डावीकडे ओढायचं. हिंगोलीतल्या दोन गॅरेजवाल्यांनी वाकून पाहिलं आणि नको म्हणाले. दुसऱ्याने वारंगा फाट्याच्या एका मिस्त्रींकडे जायला सांगितलं. कळमनुरी, बाळापूर करत तिथे पोचेपर्यंत माझी पाठ धरली होती.

मिस्त्री सत्तरीला आलेले. पत्र्याचं शेड, गाडीखाली उतरायला एक खड्डा, वस्तू आवळून धरायचा वाइस बसवलेलं लाकडी टेबल. शेडला लागूनच त्यांच्या पत्नीचं चहाचं दुकान. एका हाताने दार आणि दुसऱ्याने टप धरून मी उतरलो, ते बाईंनी पूर्ण पाहून घेतलं.

"ही गाडी बसायची हाय का अंगात घालायची?"

"गप," मिस्त्री म्हणाले. "साहेबाला आधीच तकलीफ होऊन राहिली."

खाली जाऊन आल्यावर त्यांनी सांगितलं की पुढचे आठही बुश गेले आहेत. चाक धरून ठेवणारे लोखंडी आर्म जिथे गाडीला जोडलेले असतात, तिथे रबराची ही जाड नळी असते. तिच्या आत एक लोखंडी नळी, बाहेर एक. रबर चिरलं की लोखंडावर लोखंड आपटतं. नवे बुश मुंबईहून मागवावे लागले. पंधरा दिवसांनी ते घेऊन मी परत गेलो.

त्या दिवशी सकाळी दहाला काम सुरू झालं. गाडी जॅकने उचलून लोखंडी घोड्यांवर टेकवली, चाकं काढली, आर्म उतरवले. जुने बुश निघेनात म्हणून मिस्त्रींनी त्यांचं रबर जाळलं. तो वास माझ्या सदऱ्याला दोन दिवस होता. नवे बुश वाइसमध्ये दाबून बसवताना ते प्रत्येक फेऱ्यानंतर थांबायचे, श्वास घ्यायचे आणि बोलायचे.

"पोरगं नांदेडला बोलावून राहिलंय. दुकान बंद करा म्हनतो. मी त्याला सांगितलं, माझ्या हातचं काम ज्या दिवशी बिघडून परत येईल, त्या दिवशी येतो. अजून आलं न्हाई."

"म्हनून मी अजून चहा इकून राहिले," बाई आतून म्हणाल्या.

दुपारी चारला आर्म परत चढले. गाडी अजून घोड्यांवर होती, पुढचा सगळा भाग लोंबकळत होता. मिस्त्री पाठीवर झोपून बोल्ट कसायला लागले. डॉक्टरांनी गाडीबरोबर इंग्रजी माहितीपुस्तक दिलं होतं. मी ते वाचलेलं होतं. त्यात एक वाक्य ठळक छापलं होतं: हे बोल्ट चाकं जमिनीवर आणि गाडीचं वजन चाकांवर असतानाच शेवटचे कसावेत. लोंबकळत्या अवस्थेत कसले, तर गाडी खाली उतरवल्यावर रबर कायमचं पिळलेलं राहतं आणि लवकर फाटतं.

मिस्त्रींचं आयुष्य पाट्यांच्या स्प्रिंगवर चालणाऱ्या जीपांत गेलेलं. तिथे हा नियम लागत नाही, त्यामुळे त्यांना तो माहीत असण्याचं कारण नव्हतं. मला माहीत होता. मी स्टुलावर बसून आठ बोल्ट कसले जाताना पाहिले आणि काही बोललो नाही. साडेपाचला घरी निघालो. आवाज गेला होता.

सहा आठवड्यांनी तो परत आला.

मी गाडी घेऊन गेलो तेव्हा मिस्त्री एका जीपवाल्याशी बोलत होते. माझ्याकडे पाहून हसले, आवाज ऐकला आणि हसू गेलं. त्यांनी डाव्या बाजूचा आर्म काढला. रबर एका बाजूने फाटून ओठासारखं उघडलं होतं. ते त्यांनी अंगठ्याने दाबून पाहिलं, पुन्हा पाहिलं. उजव्या बाजूचंही तसंच निघालं.

"माल खराब आसंल," जीपवाला म्हणाला.

"माल बराबर हाय. हात गेला." मग त्यांनी बाईंना हाक मारली. "पोराला फोन लाव."

"आता काहून?"

"काम परत आलं."

बाईंनी फोन हातात घेतला, पण लावला नाही. जीपवाल्याला मिस्त्री म्हणाले, "तू दुसरीकडं ने बाबा. मी आता घेत न्हाई." तो निघून गेला.

मग मी सांगितलं. पुस्तकातलं वाक्य, वजनाचं कारण, आणि ते मला त्या दिवशीच माहीत होतं हेही.

मिस्त्रींनी फडक्याला हात पुसले.

"मंग काहून न्हाई बोलले?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

"आता बरं वाटून राहिलं का मला?"

मी फाटलेल्या बुशकडे पाहिलं.

"घरी जायची घाई होती तुमाला," ते म्हणाले. "पुन्हा ढिलं करायचं म्हनलं की घंटाभर गेला आसता."

ते खरं होतं. मी दमलो होतो, रस्ता लांब होता आणि बोल्ट कसणं हे त्यांचं काम होतं. वाईट वाटण्याचं कारण मला तिथे उभ्या उभ्या सुचलं होतं. इतरांच्या बातमीत असं वाक्य आलं असतं तर मी ते खोडलं असतं.

बाईंनी फोन पदराखाली ठेवला. "मला जायचंच हाय नांदेडला," त्या म्हणाल्या. "पाय राहिले न्हाईत माझे. पन असं न्हाई जायचं."

नवे बुश पुन्हा मागवले. या वेळी मिस्त्रींनी ते बसवून बोल्ट नुसते हाताने फिरवून ठेवले. चाकं लावली. गाडी खड्ड्यावर घेतली, मागेपुढे ढकलून बसू दिली आणि ते खाली उतरले.

"आता काय म्हनतं पुस्तक?"

मी पुस्तक उघडून वाक्य मराठीत सांगितलं. त्यांनी विचार केला.

"हे रिकाम्या गाडीचं झालं. रस्त्यावर गाडी रिकामी चालते का? बसा आत."

हे पुस्तकात नव्हतं. मी बसलो.

"हिकडं कोन?" त्यांनी विचारलं आणि स्वतःच पत्नीला बोलावलं.

"मी? ह्याच्यात?" बाई साडी सावरत, दाराला धरून, दोनदा थांबून शेजारच्या सीटवर टेकल्या. गुडघे छातीशी आले. "आता काढायचं कसं मला?"

"हलू नका. तुमी दोघं आज निसतं वजन."

खालून पाना लागल्याचा आवाज आला. चार बोल्ट झाले, पाच झाले. पत्रा तापला होता. बाईंचे डोळे मिटले होते. सातव्याला मिस्त्री थांबले, श्वास घेतला.

"साहेब, पुढचं वाचा."

"पुढचं मागच्या चाकांचं आहे."

"मंग वाचा की. मागचे बी कधीतरी जातीलच."

मी पान उलटलं.

"म्हंजे नांदेडला जायचं राहिलं," बाई डोळे न उघडता म्हणाल्या. खाली आठवा बोल्ट कसला जात होता.