बंबावर नजर

बहरीनमध्ये उन्हाळ्यात गार पाण्याने आंघोळ करायची तर ते पाणी गिझरमधून घ्यावं लागतं. भारतातल्या कुणाला हे सांगितलं की त्यांना वाटतं मी थट्टा करतेय. गच्चीवरच्या टाक्या दिवसभर उन्हात भाजून निघतात आणि निळ्या ठिपक्याच्या नळातून चहा टाकण्याजोगं पाणी येतं. म्हणून उन्हाळा लागला की आम्ही गिझरचं बटण बंद करतो. त्यातलं पाणी एसीच्या घरात पडून पडून निवतं. मग लाल ठिपक्याच्या नळातून गार पाणी घ्यायचं, फार गार वाटलं तर निळा नळ थोडा सोडायचा. उम्म अल हस्सम भागातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये सगळे हेच करतात आणि यात कुणाला काही विचित्र वाटत नाही.

बाबांना वाटलं. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदाच आमच्याकडे आले, बागेतले आंबे उतरवून झाल्यावर. माझ्या मनात त्यांनी इथेच राहावं असं होतं. चिपळूणजवळच्या त्या घरात ते एकटे, पंचाहत्तरी ओलांडलेली, आणि फोनवर कधीही विचारा, उत्तर एकच, "मला काय धाड भरलीय?" मी तेव्हा तरी बोलले नव्हते, पण परतीचं तिकीट लांबवायचा डाव मनात पक्का होता.

बाबा मात्र पहाटे उठत आणि आंघोळ म्हणजे बटण खाली, या शिस्तीने गिझर चालू करत. झालं! घरातलं एकमेव गार पाणी कढत. नवरा अस्कर गावातल्या कारखान्यातली शिफ्ट संपवून घामाने निथळत येई आणि न्हाणीघरातून इथल्या अरबी 'नाही'सकट त्याचा आवाज येई, "गार पाणी मफी!" बटणावर मी चिठ्ठी चिकटवली. बाबांनी ती वाचली, घडी करून खिशात ठेवली आणि म्हणाले, "गिझर बंद ठेवून पाणी गार करतात? मला येडा समजतेस काय गो?"

लग्नाआधी मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. इथे नवऱ्याच्या व्हिसावर आले ती घरीच बसले, पण हात काही स्वस्थ बसत नाहीत. राजधानी मनामातल्या एका दुकानातून एक स्वस्तातला वायफाय बोर्ड, तापमान मोजणाऱ्या दोन तारा आणि काडेपेटीएवढे दोन डिजिटल पडदे आणले. एक तार गच्चीवरच्या टाकीला, दुसरी गिझरच्या नळीला. पडदे न्हाणीघराच्या दाराशी आणि फ्रिजवर. आता टाकी किती तापलीय, गिझर किती निवलाय, ते चहा ढवळता ढवळता दिसू लागलं. बोर्ड ज्यात बसवला तो डबा जेवणाचा होता, तूरडाळीचा वास त्याला अजून येत होता, पण चालायचा झकास. बाबांनी दोन दिवस आकडे पाहिले, मान हलवली आणि बटणाला हात लावणं सोडून दिलं. एसटीच्या डेपोत आयुष्य गेलेला माणूस. चिठ्ठीवर विश्वास नाही, काट्यावर आहे.

सगळी जोडणी आणि कोड मी इंटरनेटवर खुला ठेवला. ज्याला हवा त्याने घ्यावा, बदलावा, माझी काही हरकत नाही. खरं सांगायचं तर कुणी ढुंकून बघेल असंही वाटलं नव्हतं. पण कुठल्याशा थंड देशातल्या एका गृहस्थाने तो आपल्या घर उबदार ठेवणाऱ्या बॉयलरला जोडला आणि मला विचारलं, तुमचा गिझर कायम बंद का दिसतो? मी सविस्तर समजावलं. त्याला बहुधा माझं इंग्रजी कच्चं वाटलं. तरी भला माणूस, त्याने माझ्या कोडमध्ये एक भर घातली. नुसत्या आकड्याच्या जागी दिवसभराचा चढउतार दाखवणारी रेघ. मला ती नसती उठाठेव वाटली, पण फुकटात मिळालेलं कोण सोडतं? घेतली.

तीन महिने झाले आणि बाबा निघाले. माझा डाव फसला. मी रडले, रुसले, नातवंडांना पुढे केलं. त्यांनी बॅग भरता भरता तोडगा काढला. "तो डबा एक मला दे. बंबाला लावतो. रोज फोन करून आंघोळ झाली का, आंघोळ झाली का विचारतेस, तेवढं तरी थांबेल."

गावाला त्यांनी व्हिडिओ कॉलवर मला ऐकवत, माझ्या चुका काढत, तांब्याच्या बंबाला बाहेरून तार बांधली. वायफाय होतंच, क्रिकेटसाठी घेतलेलं. म्हणाले, "घे, आता हाक उंटावरून शेळ्या." आणि तेव्हापासून फ्रिजवरच्या पडद्यावर गिझरच्या खाली बंबाची रेघ आली.

त्या रेघेचा मला लळाच लागला. मी सकाळी डबे करायला उठायचे तेव्हा तिकडे उजाडून गेलेलं असायचं. बाबांनी नारळाची सोडणं घालून बंब पेटवला की रेघ चढायची. मग पायऱ्या लागायच्या. बंबात वरून गार पाणी ओतलं तरच तोटीतून गरम पाणी बाहेर येतं, त्यामुळे दर तांब्याला रेघ एक पायरी उतरायची. चढ आणि पायऱ्या दिसल्या की बाबा उठले, न्हाले, ठीक आहेत. रोजचे फोन खरंच थांबले. शुक्रवारी सुट्टीच्या दिवशी तेवढं निवांत बोलायचो.

एका मंगळवारी पोळ्या लाटताना पडद्याकडे लक्ष गेलं. रेघ चढलेली होती, पण पुढे पायऱ्या नव्हत्या. वर जाऊन ती निवांत उतारावरून खाली येत होती, भरलेला बंब आपला आपण निवावा तशी. मी मागचा दिवस काढून पाहिला. तोही तसाच. त्याच्या आधीचाही. कुणीतरी रोज बंब पेटवत होतं आणि आंघोळ कुणीच करत नव्हतं.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. तव्यावरची पोळी तशीच ठेवून फोन लावला.

"काय गो बाय, आज मंगळवारी?" बाबांचा आवाज जरा बसका, पण खुशीत.

"बरे आहात ना?"

"ठणठणीत. आत्ताच आंघोळ करून बसलोय."

"कुठल्या पाण्याने?"

 तेवढ्यात त्यांच्या मागून कुणीतरी म्हणालं, "आजोबा, हात सरळ ठेवा, सलाइन आहे."

न्यूमोनिया. तीन दिवसांपासून चिपळूणच्या दवाखान्यात. शेजारच्या वहिनींनी नेलं होतं. आणि ॲम्ब्युलन्समध्ये चढताना या माणसाने त्यांना एकच काम सांगितलं होतं: रोज सकाळी बंब पेटवा, नाहीतर पोरगी घाबरून विमानात बसेल. आमच्याकडची ही जुनी रीत. परदेशातल्या माणसाला दुखणं कळवायचं नाही, बरं झाल्यावर सांगायचं. मला ती ठाऊक होती, तरी माझ्याच डब्याकडून ती पाळून घेतली जाईल असं स्वप्नातही आलं नव्हतं.

"पण तुला कळलं कसं?" बाबांना खरंच कुतूहल.

"पाणी तापलं, पण कुणी ओतलं नाही."

"अरेच्चा." थोडा खोकला. "पुढच्या वेळी वहिनींना दहा तांबे ओतायला सांगतो."

पुढच्या वेळी! मला इतका राग आला आणि ते बोलतायत याचं इतकं बरं वाटलं की दोन्ही एकदमच बाहेर पडलं. नवरा झोपेतून उठून आला. पोळीचा कोळसा झाला होता, तो त्याने मुकाट्याने उचलला आणि मी फोनवर झापत असतानाच त्याने माझं तिकीट काढलं.

बाबा घरी आल्यावर डॉक्टरांनी आंघोळीला परवानगी दिली त्या सकाळी बंब मी पेटवला. वहिनींनी सोडणं आणून दिली, जरा चोरट्या चेहऱ्यानेच. पाणी ओतायलाही मी पुढे झाले तर बाबांनी तांब्या हातातून काढून घेतला आणि मला न्हाणीच्या बाहेर घालवलं. मी दाराशी उभी राहून कान देऊन ऐकत होते. तेवढ्यात बहरीनहून नवऱ्याचा मेसेज आला, "पायऱ्या दिसायला लागल्या." तो फ्रिजसमोर उभा असणार, चहा विसरून.

मी बाहेरूनच बाबांना तो वाचून दाखवला. आत पाणी ओतल्याचा आवाज झाला, आणखी एकदा झाला.

"जावयांना कळव," आतून आवाज आला, "मीच ओततोय म्हणून."