निवडलेली करडई

मन्मथ गेल्याचं मला पाचव्या दिवशी कळलं. तुळजापुरात उमरग्याच्या एका ट्रकवाल्यानं चहा पिता पिता सांगितलं, "ते शाळंतले जुने सर, करडईवाले... ते वारले की." मला मातीलाही जाता आलं नाही. जन्मभर मुलांना रसायनशास्त्र शिकवलेल्या माणसाची गावानं 'करडईवाले' एवढीच ओळख ठेवली, आणि तीही हसण्यासाठी. त्या हसण्याला माझा हात लागलेला आहे. तो असेपर्यंत हे सांगायची माझी छाती झाली नाही, म्हणून आता लिहितो आहे.

निजामाच्या राज्यात आम्ही दोघं धाराशिवच्या शाळेत एका बाकावर होतो. त्याच्या घरी कन्नड, माझ्या घरी मराठी, आणि शाळेत गणितापासून भूगोलापर्यंत सगळं उर्दूत. मी घोकून पास व्हायचो; मन्मथ "पण असं का?" विचारून मास्तरांना वैताग आणायचा. पुढं तो हैदराबादला विद्यापीठात गेला आणि मी उमरग्याला शिवलिंगआप्पांच्या तेलाच्या गिरणीत कारकून झालो. दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. एकदा त्याचं पत्र आलं की करडईच्या तेलाचा काळपट रंग आणि उग्र वास काढायची रीत त्याला सापडत आली आहे. सोड्याचं पाणी बेतानं घालायचं, मग भाजलेल्या मातीतून तेल गाळायचं. प्रयोगशाळेत बाटलीभर तेल निघतं, त्यात काय मोठंसं; तुझ्या आप्पांना विचार, गिरणीत करून बघू, असं त्यानं लिहिलं होतं.

त्याला आधी महिनाभर गिरणीत राहून माल बघायचा होता. त्याचे प्रोफेसरसाहेब म्हणाले, विद्यापीठाचा माणूस घाण्यापाशी उभा राहणार नाही. गिरणीवाल्याला गरज असेल तर त्यानं अर्ज करावा, तो वरच्या खात्याकडं जाईल. इकडं आप्पांचं निराळंच. "आज हितं येऊन घाणा बघंल, उद्या लातूरवाल्याच्या कानात सांगंल. लई शिकलेल्या माणसाच्या पोटात काय राहतं व्हय?" साहेबांना मराठी येत नव्हती, आणि आप्पांना उर्दू कागद दिसला की कोर्टाचं समन्स आल्यासारखा घाम फुटायचा. मधे मी. दोन्हीकडची पत्रं मी वाचायचो, लिहायचो आणि त्यातला उर्मटपणा काढून टाकून गोड करून पुढं द्यायचो. ते मला फार हुशारीचं वाटायचं.

शेवटी असं ठरलं की त्यानं यायचं नाही, गिरणीनं नमुना पाठवायचा. मन्मथनं मला बजावून लिहिलं, "पोत्याच्या तळाचा माल पाठव. खडे, माती, किडका दाणा, जे असेल ते असू दे." मी हे आप्पांना वाचून दाखवलं. त्यांना ते शिवी दिल्यासारखं लागलं. "सरकारच्या घरी केर पाठवायचा? आमच्यात पाव्हण्याला ज्वारी दिली तरी निवडून देतेत. काय म्हणतील लोक?" आणि त्यांच्या दोन्ही सुनांनी दोन दिवस बसून ती करडई निवडली. दाणा न् दाणा पांढराशुभ्र. मी ती नव्या खादीच्या पिशवीत शिवली आणि सोबत लिहिलं, 'कळवल्याप्रमाणे तळाचा माल.' तेव्हा मला त्यात खोटं असं काही वाटलंच नाही. थोरामोठ्यांकडं चांगलंच पाठवतात, आम्ही तसंच वाढलो होतो... हे आज म्हणतो खरा, पण मग ते एक वाक्य मी का लिहिलं?

प्रयोग उत्तम झाला. साहेबांनी निष्कर्ष छापून टाकले, वर स्वतःचं नाव, खाली बारीक टायपात मन्मथचं. मग कुठं त्याला गिरणीत यायला चार दिवसांची रजा मिळाली. मोठ्या कढईत तेल चढलं, गावातले चार व्यापारी आप्पांनी मुद्दाम बोलावले होते. मन्मथनं नमुन्यावरून काढलेल्या मापानं सोडा घातला. थोड्याच वेळात कढईत राळ झाली, ना धड तेल ना धड साबण. किडक्या आणि ओल धरलेल्या दाण्याचं तेल आंबट असतं, आणि सोडा किती घालायचा ते त्या आंबटपणावर ठरतं. व्यापारी तोंडावर उपरणं धरून हसले. मन्मथ कोठारात गेला, ढिगातली मूठभर करडई हातावर घेऊन आला आणि मला विचारलं, "दत्तू, हाच माल पाठवला होतास?"

आप्पा शेजारीच उभे होते. मी म्हणालो, "व्हय."

त्यानं मूठ झाडली. परत जाऊन साहेबांना त्यानं सांगितलं की माप माझंच चुकलं. आता तेलाची परीक्षा गिरणीतच उभं राहून करू, म्हणून त्यानं हात जोडले, पण छापलेलं खोटं ठरवायला साहेब तयार नव्हते. त्याचं संशोधन थांबवलं. आप्पांनी "पुस्तकी येडं" म्हणून विषय मिटवला. पुढं रझाकारांच्या धामधुमीत गिरणीही बंद पडली, मी तुळजापूरला आलो आणि मन्मथ उमरग्याच्या शाळेत मास्तर झाला. विद्यापीठाला घाण्याचा विटाळ, घाण्याला विद्यापीठाचं भय, हे आजही लोक मोठ्या आवाजात सांगतात, आणि खरंही आहे. पण मन्मथला बुडवायला तेवढं पुरलं नसतं. त्याला मधला माणूसही तसाच लागला, आणि तो मी होतो.

आमचं येणंजाणं कधी तुटलं नाही. वर्षाकाठी दोनदा तरी मी उमरग्याला जायचो. तो हसून स्वागत करायचा, मुलांच्या गमती सांगायचा. गिरणीचा विषय त्यानं कधी काढला नाही. तो विसरला, अशी मी माझी समजूत घालून घेतली होती. भित्र्या माणसाला समजुती लवकर सापडतात.

परवा मन्मथच्या घरी भेटायला गेलो. वहिनी ओसरीवर ज्वारी निवडत बसल्या होत्या. मला बघताच त्यांनी सूप उचलून दाराआड नेऊन ठेवलं आणि हात पुसत बाहेर आल्या. मग मी बसलो आणि सगळं सांगून टाकलं. सुना, पिशवी, चिठ्ठी.

"त्यांना ठावं होतं की, भावजी," त्या म्हणाल्या. "कोठारातला दाणा हातात घेतला तवाच कळलं म्हणायचे. दत्तूची नोकरी जाईल म्हणून गप बसलो म्हणायचे."

त्याच पुढं म्हणाल्या, "तुमी यायचे असले की मला सांगून ठेवायचे, आज निवडायला बसू नको. त्याच्यासमोर सूप घेऊ नको, त्याला वाईट वाटतं. इतक्या वर्षांची सवय, आतासुद्धा हात आपोआप गेला बघा."