गजूच्या गाडीवर आई

आमच्या दारव्ह्याच्या शाळेत गणिताचे सर होते. त्यांनी एकदा वर्गात जिभेवर पेटता कापूर ठेवून दाखवला होता, आणि मग मला पुढे बोलावून माझ्याही जिभेवर ठेवला होता. "भाजलं का? नाही ना? मग बुवाला नमस्कार करायचं कारण नाही." त्या दिवसापासून माझ्यापुरतं अंगात येणं, मूठ मारणं, वडाखालची बाई... सगळं संपलं. बाबा शाळेत शिपाई होते आणि आई चौथीपर्यंत शिकलेली. अशा घरातून मी इंजिनिअर होऊन पुण्यात आलो तो त्या सरांसारख्या माणसांच्या जिवावर. म्हणून हे लिहिताना जरा ओशाळल्यासारखं होतंय. पण जे झालं ते झालं. जसं आठवतं तसं सांगतो.

माझ्या मागोमाग दोन वर्षांनी धाकटा भाऊ गजानन — आमचा गजू — पुण्याला आला. आयटीतली मंदी नुकतीच ओसरली होती. त्याला खराडीच्या एका कंपनीत सपोर्टची नोकरी लागली, मी तिथेच दुसऱ्या बिल्डिंगमध्ये. राहायला मात्र आम्ही कोथरूडला, एका जुन्या सोसायटीत तळमजल्यावर. पर्मनंट झाल्यावर गजूने पहिली गोष्ट घेतली ती मोटारसायकल. दीडशे सीसीची, पुढून पूर्ण फेअरिंग, म्हणजे फायबरचं आवरण, असलेली, निळी. पोट टाकीवर टेकवून, मनगटांवर भार देऊन चालवायची गाडी.

ऑफिसात सगळ्यांनी त्याला वेड्यात काढलं. जो तो पहिला प्रश्न विचारायचा, "ॲव्हरेज किती देते?" आणि दुसरा, "अरे, एवढ्यात तर दोनशेवीस सीसीची आली असती!" आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी पाटणकर काका एकदा गाडीभोवती फेरी मारून म्हणाले, "अहो, ही मागे उंचावर सीट आहे, की देव्हारा?"

गजू म्हणाला, "काका, बसता का?"

"आत्ताच देव होण्याची घाई नाही मला."

मीही विचारलं होतं त्याला, हीच का म्हणून. आम्ही दोघं असलो की तो गावाकडचंच बोलायचा. म्हणाला, "दादा, सरळ रस्त्यावर तं कोनतीबी गाडी चांगलीच वाटते. ही वळनावर समजते. तू चालवून पाय नं एकदा."

पाहिली. दर रविवारी सकाळी आम्ही चांदणी चौक ओलांडून पिरंगुटच्या घाटापर्यंत जायचो. पहिल्यांदा कळलं की या गाडीला हँडलने वळवायचं नसतं. गुडघ्यांनी टाकी धरायची, मान वळवून वळणाच्या शेवटाकडे बघायचं... की गाडी आपोआप तिकडे कलते. जिकडे नजर, तिकडे गाडी. वजनाला इतकी हलकी आणि रस्त्याला इतकी धरून, की बाहेर आल्यावर वाटायचं, हे वळण आपण घेतलंच नाही, गाडीने आपल्याला त्यातून अलगद नेलं. सेकंदमधून थर्ड टाकताना इंजिनाचा जो आवाज बदलायचा, त्यावर गजू हेल्मेटमध्ये ओरडायचा. मला बाहेर ऐकू यायचं.

माझी एकच अडचण होती. बाबांची जुनी शंभर सीसीची गाडी, जिच्यावर मी शिकलो, तिचे चारही गिअर पुढे दाबून पडायचे. गिअर वाढवायचा म्हणजे पाय खाली, हे माझ्या पायात मुरलेलं. या गाडीत पहिला खाली आणि बाकी सगळे वर उचलायचे. त्यामुळे मी सेकंदमधून थर्ड टाकायला जायचो आणि पाय दाबायचा... गाडी एकदम फर्स्टमध्ये. इंजिन किंचाळायचं, मागचं चाक अडखळायचं आणि मागे बसलेला माणूस माझ्या पाठीवर आदळायचा. गजू मात्र नेमका बाबांच्या गाडीवर शिकलाच नव्हता, तो शिकला मित्राच्या गाडीवर. म्हणायचा, "इंजिनिअर झाला, पन पाय दारव्ह्यातच राहिले तुये."

मग त्याने एक उपाय काढला. मागची सीट उंच, त्यामुळे त्याचे गुडघे माझ्या बरगड्यांपाशी यायचे. गिअर उचलायची वेळ आली की तो दोन्ही गुडघ्यांनी मला दोन्ही बाजूंनी हलकेच दाबायचा. दाबलं की उचल. बोलायचं नाही, विचार करायचा नाही. तो मागे असला की माझी चूक व्हायची नाही. एकटा असलो की हमखास व्हायची.

आईला तो फोनवर सांगायचा, "तू ये पुन्याले. तुले गाडीवर बसवतो, घाटात नेतो." आई म्हणायची, "त्या उंटावर मी नाही बसत, बाप्पा." पण मग शेजारणींना तीच सांगायची, की गजू मला गाडीवर नेणार आहे म्हणून.

पुढच्या पावसाळ्याच्या शेवटी गजूला डेंग्यू झाला. ताप उतरला तेव्हा आम्हाला वाटलं, सुटलो. आणि तिथूनच बिघडत गेलं. मी त्याबद्दल जास्त लिहू शकणार नाही. आई पोचली तेव्हा तो बोलण्याच्या पलीकडे गेला होता.

गावी दिवसकार्याला आलेला प्रत्येक माणूस खाली बसता बसता विचारायचा, "गाडीनं गेला का हो?" तरणा पोरगा, पुण्याला, त्यात अशी गाडी... लोकांनी आपलं ठरवूनच टाकलं होतं. आई प्रत्येकाला सांगायची, "नाही हो, लेकराले ताप आला होता." लोक मान हलवायचे आणि उठताना पुन्हा म्हणायचे, "गाडी देऊच नये पोराईले." त्यानंतर आई गजूचं नावच घेईनाशी झाली. जेवायला वाढलं तर जेवायची, नाही वाढलं तर नाही.

हिवाळ्यात मी तिला पुण्याला घेऊन आलो. गाडी पार्किंगमध्ये कव्हर घालून उभी होती. ती रोज दाराशी बसून त्या कव्हरकडे बघायची. मला ते सहन होईना. मी एक गिऱ्हाईक ठरवलं — वाकडचा एक कॉलेजचा मुलगा, रविवारी दुपारी गाडी न्यायला येणार होता. आईला तसं सांगितलं.

ती म्हणाली, "मले एकदा बसव तिच्यावर. तो नेनार होता तिथं ने. मंग दे कोनाले द्याची तं."

मी घाबरलो. खरंच घाबरलो. बाबा आधीच गेलेले, गजू गेला, आता माझं म्हणून एवढं एकच माणूस उरलेलं. आणि तिला मी त्या उंच सीटवर बसवून घाटात नेणार, जिथे माझा पाय केव्हा दाबेल याचा मलाच भरवसा नाही. "आई, रिक्षाने जाऊ घाटात," असं म्हणून पाहिलं. ती ऐकेना.

आई नऊवारी नाही, पण साडीच नेसते. पाय दोन्हीकडे टाकून बसणं शक्यच नव्हतं. एका बाजूलाच बसणार. त्यासाठी साडीगार्ड आणि पाय ठेवायची पट्टी हवी, आणि असल्या गाड्यांची पोरं ती पहिल्याच आठवड्यात काढून टाकतात. गजूनेही काढली होती. ती मला त्याच्या पलंगाखाली सापडली. वर्तमानपत्रात गुंडाळून, बोल्टसकट. विकली नव्हती, फेकली नव्हती. कशासाठी ठेवली असेल ते मला कोणी सांगायची गरज नव्हती. शनिवारी मेकॅनिककडून ती लावून घेतली.

रविवारी सकाळी आईने गजूचं हेल्मेट घातलं. ते तिच्या डोक्यात गरागरा फिरत होतं. "डोकं मोठंच होतं त्याचं," ती आतून म्हणाली. कित्येक महिन्यांनी त्याच्याबद्दलचं पहिलं वाक्य. मग काच खाली करून थोडा वेळ तशीच उभी राहिली. आत त्याच्या तेलाचा वास होता, मला माहीत होतं.

पाटणकर काका गच्चीतून बघत असावेत. खाली आले, हातात स्टूल. "यावर चढून बसा म्हणावं मातोश्रींना. आणि स्टूल जागेवर परत ठेवा, नाहीतर सोसायटीत वस्तू चालायला लागतात." आई बसेपर्यंत त्यांनीच स्टूल दोन्ही हातांनी धरून ठेवलं.

आई डावीकडे दोन्ही पाय सोडून बसली. उजवा हात माझ्या कमरेभोवती, डावा मागच्या दांडीला. मी फर्स्ट टाकला. कोथरूड डेपोपासून चांदणी चौकाकडे चढ लागतो. सेकंद टाकला, तो ठीक गेला. मग थर्डची वेळ आली, मी मनात 'वर, वर' म्हणत होतो... आणि बरगड्यांवर दोन्ही बाजूंनी हलका दाब आला. मी उचलला. गिअर लोण्यासारखा पडला. पुढे फोर्थला पुन्हा दाब. उचलला. मी त्याचा विचारच केला नाही, हे मी शपथेवर सांगतो. इतकी जुनी सवय होती की घामेजलेले हात सुटले, खांदे खाली आले आणि मी चालवायला लागलो. भूगाव गेलं. घाट लागला. वळणाच्या शेवटाकडे बघितलं, गाडी कलली, बाहेर पडता पडता दाब आला, उचलला, इंजिनाचा आवाज बदलला. दुसरं वळण. तिसरं. आयुष्यात मी ती गाडी तशी कधीच चालवली नव्हती. गजू चालवायचा तशी चालली ती. मागून आई म्हणाली, "किती हलकी चालते रे!"

घाटाच्या वर एका टपरीपाशी थांबलो. मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू. आईला उतरायला हात दिला. आधी ती सीटच्या डाव्या कडेवरून घसरली, मग दोन्ही पाय एकदमच जमिनीवर आले... आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं.

तिचे दोन्ही गुडघे डावीकडे होते. पूर्ण वेळ. रस्त्याच्या कडेकडे तोंड करून. माझ्या उजव्या बरगडीला दाबायला तिथे काहीच नव्हतं. तिचा हात कमरेवर होता, खाली. तो मला वेगळा जाणवत होता.

मी टपरीच्या बाकावर बसलो. आईने हेल्मेट काढलं, माझं तोंड बघितलं. "काय झालं रे?"

सांगायला नको होतं का? मला अजून ठरवता येत नाही. पण मी तिच्याशी कधी खोटं बोललो नाही. सगळं सांगितलं. गिअरचं, गुडघ्यांचं, घाटातलं सगळं. म्हटलं, "आई, तो होता. आपल्या दोघांच्या मधात बसला होता."

चहा आला. तिने तो घेतला नाही. डोळ्यांत पाणी नव्हतं तिच्या. लहान मुलीने विचारावं तसं तिने विचारलं,

"मंग मले काऊन नाही समजलं?"

तिने स्वतःचा उजवा हात उलटून बघितला.

"तुले आला तो... तुयी गाडी चुकते म्हनून आला. मी माय होतो नं त्याची. मले काऊन नाही समजलं, रमेश? माया तं हातच तिथं होता."

मी तिचा हात धरला. टपरीवाला दुसरीकडे बघायला लागला.

नंतर ऑफिसातल्या एका मित्राला मी हे सांगितलं. तो म्हणाला, मसल मेमरी. शरीराला ठरावीक क्षणी ठरावीक दाबाची सवय होते, टेन्शनमध्ये मेंदू तो दाब स्वतःच निर्माण करतो. असेल. सरांनीही बहुधा असंच काही सांगितलं असतं, आणि मला ते पटवून घ्यायला आवडलं असतं. पण त्याआधी शंभर वेळा मी एकटा असताना चुकलो, तेव्हा मेंदूने काही केलं नाही. आणि त्यानंतरही केलं नाही. मला आजही याचं उत्तर सापडलेलं नाही. आईच्या प्रश्नाचं तर मी शोधायचंच सोडून दिलं आहे.

परत येतानाचं तेवढं सांगायचं राहिलं. मी म्हटलं, टेम्पो बघू का, तू त्यात बस. आई म्हणाली, "नाही. गाडीवरच." टपरीच्या ओट्यावरून चढली. या वेळी तिने माझ्या कमरेला हात घातला नाही. त्या चिंचोळ्या सीटवर जितकं मागे जाता येईल तितकी मागे सरकली आणि दोन्ही हातांनी मागची दांडी धरली. मी वळून बघितलं. तिच्या आणि माझ्या मध्ये वीतभर सीट मोकळी होती.

"आई, पुढं सरक, पडशील."

"तू चाल," ती म्हणाली.

मीही टाकीला चिकटून बसलो आणि गाडी सुरू केली. घाट उतरलो. भूगाव आलं. बरगड्यांवर काही आलं नाही. वारा तेवढा लागत होता. आणि माझा पाय चुकला... दाबला. इंजिन किंचाळलं, आई धाडकन माझ्या पाठीवर आदळली. मी घाबरून वेग कमी केला. तिने साडी सावरली आणि पुन्हा मागे सरकून बसली. चांदणी चौकाच्या उतारावर पुन्हा तेच झालं. डेपोच्या सिग्नलला पुन्हा. प्रत्येक वेळी ती माझ्यावर आदळायची आणि प्रत्येक वेळी इंच इंच मागे सरकून ती मधली जागा तेवढीच्या तेवढी मोकळी करून द्यायची... थेट घरापर्यंत.